मृगाचा किडा, काळी माती आणि आपली मागची जागा

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. बोलताना काही राहून गेले होते, ते इथे घातले आहे.)



मला सचिव साहेबांनी सांगितलं, "बाई, तुम्ही इतकी वर्षं बालवाडीत काढली, लहान मुलांना विज्ञान कसं शिकवायचं ह्यावर वीस मिनिटं बोला." मी म्हटलं, बोलते की. पण एक मागणी शेवटी करणार आहे. ते हसले. त्यांना वाटलं असेल मेंटेनन्स कमी करा म्हणणार.

मी मूळची लातूरची. गंज गोलाईपासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर. बालवाडी शिक्षिकेचा कोर्स केला, तिथंच एका बालवाडीत लागले, आणि ह्यांची बदली झाली तेव्हा नांदेडला आले. आपल्या सोसायटीत आलो तेव्हा दारं लागली होती, पण जिन्याला कठडा नव्हता, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. म्हणजे अर्धी नोकरी लातूरला, अर्धी नांदेडला. सगळी साडेतीन ते सहा वर्षांच्या पोरांत.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

लातूरला माझं दुसरं की तिसरं वर्ष. मृग नक्षत्र लागलं होतं, सात-आठ जूनचा सुमार. पहिला पाऊस पडून गेला, आणि शाळेमागच्या पडीक जागेत मृगाचे किडे निघाले. लाल मखमलीचे. मी मोठ्या उत्साहानं पोरांना घेऊन गेले. ट्रेनिंगमध्ये शिकले होते, कीटक म्हणजे सहा पाय. मी सगळ्यांना सांगितलं, "हा किडा आहे. किड्याला सहा पाय असतात. मोजा बरं." एक पोरगं, शेतमजुराचं, उकिडवं बसून मोजत राहिलं. हात लावला की तो किडा पाय आखडून मेल्यासारखा पडतो, मग थांबावं लागतं. ते थांबलं. परत मोजलं. आणि म्हणालं, "बाई, ह्याला आठ हायेत की."

मी म्हटलं, नीट मोज. त्यानं नीट मोजलं. आठच.

संध्याकाळी घरी येऊन वडिलांच्या एका प्राध्यापक मित्रांना विचारलं. ते म्हणाले, अहो, मृगाचा किडा हा कीटक नाहीच. तो गोचीड, कोळी, विंचू ह्यांच्या भावकीतला. त्यांना आठ पाय. वर्षातला बराच काळ जमिनीत राहतो आणि पहिल्या पावसानंतर वर येतो. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, "काल बाईंचं चुकलं. ह्यानं बरोबर मोजलं." त्या पोराचा चेहरा मला अजून दिसतो. नुसता आनंद नव्हता तो, थोडी भीतीपण होती. बाई चुकू शकते, हे त्याला पहिल्यांदाच कळलं होतं.

त्यानंतर मी उत्तर आधी सांगायचं बंद केलं. मोजू द्यायचं, मग विचारायचं. बालवाडीतलं विज्ञान म्हणजे मला विचाराल तर बरंचसं एवढंच आहे. पण ते करायला मोजण्यासारखं काहीतरी लागतं, आणि ते बाजारातल्या पेटीत नसतं. हल्ली 'सायन्स किट' म्हणून मिळतात. नातवासाठी एक आणलं होतं, किंमत सांगत नाही. त्यात प्लास्टिकचा ज्वालामुखी आहे. आपण ज्या काळ्या खडकावर बसलोय तो सगळा दख्खनचा बसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हाच. आणि आपण पोरांना प्लास्टिकचा ज्वालामुखी देतो.

त्यापेक्षा जुन्या स्पीकरमधलं चुंबक घ्या, पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळा आणि गोदावरीच्या वाळूतून फिरवा. बारीक काळे कण चिकटून येतात. बसाल्टमध्ये लोहयुक्त कण असतात, खडक झिजून ते वाळूत आलेले. पिशवी उलटी केली की कण खाली पडतात, चुंबक स्वच्छ. हा खेळ मी नगीना घाटाकडची वाळू आणून कितीतरी वर्षं केला. कंटाळलेलं पोरगं मी अजून पाहिलं नाही. मोठीच कंटाळतात.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी हे आधीच करून ठेवलंय. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर 1926 साली नूतन बालशिक्षण संघ काढला. मग 1945 साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला खेड्यातली बालवाडी सुरू केली, तिथं अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. 1957 ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची साधनं महाग, लाकडी, पॉलिश केलेली. आदिवासी पाड्यावर ती आणायची कुठून? मग शंख-शिंपले, बिया, पानं, दगड, काड्या हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच मुलांच्या अंगणात गेली, तिचं नाव अंगणवाडी. गुरं राखणारी मुलं कुरणात असतात म्हणून कुरणशाळा. देशभरात अंगणवाडी हा शब्द 1975 नंतर सरकारी झाला, पण त्यातलं 'अंगण' हे खरंखुरं अंगण होतं. मातीचं. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता आयांनी विचारलेल्या प्रश्नाकडे येते. घरी काय करायचं?

माझा सगळ्यात आवडता प्रयोग बी रुजवण्याचा, पण तो बहुतेक ठिकाणी अर्धवट करतात. कापसावर मटकी टाकली, मोड आले, टाळ्या, संपलं. खरी मजा पुढं आहे. काचेच्या ग्लासात टिपकागद गोल बसवा, मध्ये ओला कापूस, आणि काच व कागद ह्यांच्या मध्ये वालाचं नाहीतर राजम्याचं बी ठेवा. म्हणजे बाहेरून दिसतं. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, बी उलटं लावलं तर मूळ वर येईल का?" मी उत्तर दिलं नाही, तोवर शहाणी झाले होते. आम्ही एक बी सरळ, एक उलटं, एक आडवं ठेवलं. तिन्हींची मुळं खालीच गेली. उलट्या बियाचं मूळ चक्क वळसा घेऊन खाली आलं. मग त्या मुलीनंच ग्लास आडवा करून ठेवला, आणि दोन दिवसांत मुळानं परत वळण घेतलं. खाली कुठंय हे बियाला अंधारातही कळतं. पाच वर्षांच्या लेकराला गुरुत्वाकर्षण हा शब्द सांगायची काही गरज नाही. त्यानं ते बघितलेलं असतं.

इथं एक इशारा. दाणे देताना मोजून द्या आणि मोजून परत घ्या. लातूरला माझ्या वर्गात एकानं हरभरा नाकात घातला आणि घाबरून कुणाला सांगितलं नाही. हरभरा ओलाव्यानं फुगतो. दुपारी नाक सुजलं, डॉक्टरांकडे पळालो, निघाला एकदाचा. त्याच्या आईनं मला जे ऐकवलं ते बरोबरच होतं. त्या दिवसापासून कडधान्याचा खेळ मी माझ्या हाताच्या अंतरावरच खेळले. तसंच रुईचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, कण्हेर-धोतऱ्याला तोंड लावू द्यायचं नाही, बादलीभर पाण्याजवळ लहान मूल एकटं सोडायचं नाही, आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही.

सूर्याकडे नाही, पण सावलीकडे बघता येतं. सकाळी आठला मुलाला फरशीवर उभं करा, खडूनं सावली आखा. पाय ठेवायची जागापण आखा. परत अकराला, परत चारला. सावली लांब, आखूड, लांब. आता आपल्याकडची गंमत सांगते. मे महिन्याच्या मध्यावर एक दिवस दुपारी उभ्या काठीची सावली जवळजवळ नाहीशीच होते. सूर्य बरोबर डोक्यावर येतो. लातूर नांदेडच्या दक्षिणेला, त्यामुळे तिथं हा दिवस दोन-तीन दिवस आधी येतो. आणि तो घड्याळात बाराला नाही, सव्वाबाराच्या आसपास येतो, कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. लातूरला माझा भाऊ राहतो. त्याच्या नातीनं गच्चीवर वाटीच्या मधोमध काडी उभी केली आणि फोनवर ओरडली, "आत्या आजी, गेली!" आमच्याकडे त्या दिवशी थोडीशी सावली होती. तीन दिवसांनी आमची गेली. दोन गावांतल्या दोन लेकरांनी फोनवरून पृथ्वी गोल असल्याचा पुरावा मिळवला, खर्च शून्य. जुलैच्या शेवटी हाच योग परत येतो, पण तेव्हा ढग असतात, त्यामुळे भरवसा नाही.

आणखी एक. लिंबोणीच्या झाडावर फुलपाखराच्या अळ्या येतात. (आपल्याकडे नुसतं लिंब म्हटलं की कडुलिंब समजतात, म्हणून लिंबोणी म्हणते.) लहान असताना ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी-पांढरी. म्हणून पक्षी खात नाही. मोठी झाली की हिरवीगार, पानासारखी. तिला काडीनं डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुभंगलेलं शिंग काढते आणि घाण वास सोडते. पोरं "ईऽऽ" करतात आणि परत परत वास घेतात. मोठ्या बरणीत झाडाची डहाळी आणि अळी ठेवा, तोंडाला जुन्या साडीचं पातळ कापड बांधा, रोज ताजं पान द्या. पान लिंबोणीचंच. मग कोष करते. आणि एका सकाळी फुलपाखरू. ते पंख वाळेपर्यंत थांबायचं आणि सोडून द्यायचं. ठेवायचं म्हणून रडणारं एखादं असतंच. त्याला समजावायला सकाळ जाते, जाऊ द्यावी.

अळी दिसली की फवारणी करणारे आपल्या सोसायटीत आहेत, मी नाव घेत नाही. समोरच बसलेत.

आता जरा अवघड गोष्ट.

30 सप्टेंबर 1993. पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी होती. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. किल्लारी आमच्या लातूरपासून चाळीसेक किलोमीटर. आमचं घर हललं, भांडी पडली, पण आम्ही वाचलो. तिकडं गावंच्या गावं गेली, हजारो माणसं गेली. बालवाडी काही दिवसांनी उघडली तेव्हा मुलं वर्गात यायलाच तयार नव्हती. छपराखाली बसायचं नाही. आम्ही पटांगणात सतरंज्या टाकल्या. मला पुष्कळांनी सांगितलं, मुलांसमोर विषय काढू नका, गाणी घ्या. आम्ही गाणी घेतली. चौथ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "बाई, जमीन परत हलणार का?"

मी काय सांगणार? नाही म्हटलं असतं आणि त्याच रात्री धक्का बसला असता तर? आणि छोटे धक्के बसतच होते. मी म्हटलं, "बारीक बारीक हलू शकते. मोठं कधी हलेल ते कुणालाच आधी कळत नाही. पण घर कसं असावं ते आपण बघू." घरून परात आणली, त्यात ओली वाळू भरली. मुलांनी घरं बांधली. काहींनी दगडावर दगड रचून वर चिखलाचा जाड थर दिला, आपल्याकडच्या माळवदाच्या घरासारखा. काहींनी काड्या सुतळीनं बांधून वर पान टाकलं. मग परातीला खालून टिचक्या मारल्या. दगड-चिखलाची घरं लगेच बसली, कारण भिंतीला भिंतीचा आधार नाही आणि डोक्यावर ओझं. काड्यांची डुलली, उभी राहिली. किल्लारीला झालं ते पुष्कळसं असंच होतं. जाड दगडी भिंती, मातीत रचलेल्या, आणि वर माळवदाचं वजन.

मुलं तो खेळ आठवडाभर खेळली. मोडायची, परत बांधायची. पहिले दोन दिवस मला बघवत नव्हतं. पण त्यानंतर ती एकेक करून वर्गात येऊन बसली. सगळ्यात आधी कोण, तर ती प्रश्न विचारणारी. मानसशास्त्रातलं मला कळत नाही. पण परातीला टिचकी आपण मारतो, आणि पडलेलं घर आपणच परत उभारतो, ह्याचा काहीतरी गुण आला असणार असं मला वाटतं. लहान मुलांपासून निसर्गाची भीतीदायक बाजू झाकून ठेवावी हे मत मी तेव्हापासून सोडलं.

पाण्याचंही तसंच. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकी पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर. आम्ही इथं नांदेडला टीव्हीवर बघितलं आणि मी रडले, कारण ते माझं माहेर. त्याच वर्षी वर्गात विचारलं, पाणी कुठून येतं? एक म्हणाला नळातून, एक म्हणाली टँकरमधून, आणि एक म्हणाला "रेल्वेतून." पावसातून, असं कुणीच म्हणालं नाही. चार वर्षांच्या लेकरांनी दोन धड पावसाळे बघितले नव्हते, चूक त्यांची नव्हती.

त्या जूनमध्ये आम्ही पाऊस मोजायला लागलो. साधी बरणी, फक्त तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं हवं, आणि बाहेर पट्टी चिकटवायची. उघड्यावर ठेवायची, रोज सकाळी बघायचं. मुलांना मिलिमीटर कळत नाही, ती तेवढ्या उंचीचा निळा कागद कापून भिंतीवर चिकटवायची. महिन्याअखेरी भिंतीवर पाऊस दिसायचा. कोरडा दिवस म्हणजे रिकामी जागा.

हा हिशोब मोठ्यांसाठी करते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. आपली गच्ची धरा चारशे चौरस मीटर. दहा मिलिमीटरचा एक साधा पाऊस पडला की चार हजार लिटर. जवळजवळ एक छोटा टँकर. मागच्या उन्हाळ्यात आपण किती टँकर घेतले ते खजिनदारांना विचारा. आणि गच्चीचं ते पाणी जातं कुठं? पाइपनं खाली, फरशीवरून, गेटबाहेर, रस्त्यावर.

आता माझी मागणी. पंपहाउसच्या मागची जागा. मागच्या सर्वसाधारण सभेत ती पेव्हर ब्लॉक घालून चार चारचाकींसाठी करायचा ठराव झाला. चिखल होतो, साप निघतो, गाड्या रस्त्यावर लावाव्या लागतात, ही कारणं मी ऐकली आणि ती खोटी नाहीत. मी स्वतः त्या सभेत गप्प बसले होते. पण मंडळी, आपल्या आवारात माती उरलेली ती एवढीच जागा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आलो तेव्हा चारही बाजूंनी माती होती. उन्हाळ्यात तिला भेगा पडायच्या, माझी मुलं त्यात काडी घालून खोली मोजायची. मृगाचे किडे गेटपाशी निघायचे. मागच्या पाच-सहा वर्षांत मी फक्त पंपहाउसमागे बघितले, तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

सगळी जागा मी मागत नाही. दोन गाड्या लावा. उरलेली, साधारण वीस फूट बाय पंधरा, मोकळी सोडा. गच्चीच्या एका पाइपाचं तोंड तिथं शोषखड्ड्यात वळवलं तर बोअरलाही थोडाफार उपयोग होईल. खर्चाचा अंदाज मी एका गवंड्याकडून काढून आणलाय, तो सचिवांकडे देते. साप निघतो म्हणणाऱ्यांसाठी, गवत दर महिन्याला कापायची जबाबदारी माझी, आणि माझे गुडघे चालेनात तोपर्यंतच, हेही सांगून ठेवते.

खाली बसलेल्या लेकरांनो, तुमच्यासाठी. पाऊस आता तोंडावर आलाय. पहिला पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पंपहाउसमागे यायचं. चपला जुन्या घालायच्या. आईला सांगायचं, कपडे मळणार आहेत. येताना एक रिकामी बरणी आणि एक जुना चमचा आणायचा. भिंगं माझ्याकडे तीन आहेत, एकाला तडा गेलाय, ते मी घेईन. आणि पाय किती, ते मी सांगणार नाही.